एकच जंतू की वेगवेगळे? दगडीच्या गोठ्यात जनुकीय टायपिंग कसं करावं

गिरणाकाठच्या एका गोठ्यावर मी तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा मालक आबांनी चहाचंही विचारलं नाही. सरळ स्ट्रिप कप, म्हणजे पहिल्या धारा तपासायचा कप, हातात दिला. काळ्या तबकडीवर दुधाच्या पिवळट पाण्यात तांदळाच्या कणीएवढ्या गुठळ्या तरंगत होत्या. "डॉक्टर, दूध परत फाटी गयं," एवढंच ते बोलले.

बावीस दुभती जनावरं. सहा गायींना दगडी, म्हणजे कासदाह. त्यातल्या दोघींचा एकेक सड कायमचा बसलेला. सडात सोडायच्या ट्यूबा झाल्या, इंजेक्शनं झाली, दूध आठ-आठ दिवस फेकून झालं. सहाही गायींच्या दुधाच्या तपासणीत एकाच जंतूचं नाव आलं होतं: स्टॅफिलोकोकस ऑरियस. पण एवढ्या नावावर आबांचं काम भागत नव्हतं. त्यांना हवं होतं ते साधं उत्तर: ही दगडी एका गायीची दुसरीला लागते आहे, की प्रत्येकीला आपापल्या जागी वेगळी होते आहे?

उपाय या उत्तरावर ठरतो. एकीची दुसरीला लागत असेल तर हात, कापड, मशीन आणि धारेचा क्रम बदलायला हवा. प्रत्येकीची वेगळी असेल तर बसायची जागा, चिखल, शेण आणि बाजारातून आणलेली नवी जनावरं बघायला हवीत. चुकीच्या बाजूला पैसा गेला तर हंगाम जातो आणि दगडी तिथंच राहते.

आपल्या खान्देशात हे कपाशीवरून चटकन समजतं. शेत बघून "कपाशी आहे" असं कोणीही सांगेल, पण वाण कोणता हे पाकीट बघितल्याशिवाय कळत नाही. जंतूचंही तसंच. स्टॅफिलोकोकस ऑरियस ही कपाशी झाली. तिचा वाण ओळखणं म्हणजे जनुकीय टायपिंग. दहा गायींत एकच वाण निघाला तर तो फिरतो आहे. दहा वाण निघाले तर दहा वाटांनी आला आहे.

हा लेख तालुक्याच्या पशुवैद्यकासाठी आहे, सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे आणि ज्यांच्या गोठ्यात हे घडतं आहे त्या मालकांसाठीही आहे. गोठ्याचं काम मालकानं वाचावंच. प्रयोगशाळेतलं बारीक काम त्यांनी वरवर वाचलं तरी चालेल.

आधी प्रश्न कागदावर लिहा

नमुने घ्यायच्या आधी एका ओळीत प्रश्न लिहून काढा. "गोठ्यातल्या गायींत एकच वाण फिरतो आहे का?" हा चांगला प्रश्न आहे. "बरी झालेली गाय पुन्हा आजारी पडली, तो जुनाच जंतू की नवा?" हाही चांगला. "जंतूंचं टायपिंग करून बघू" हा प्रश्नच नाही. त्यातून जेलचा, म्हणजे डीएनएच्या पट्ट्या दाखवणाऱ्या थराचा, एक फोटो मिळतो, निर्णय मिळत नाही.

प्रश्नावरून पद्धत ठरते, आणि कधीकधी टायपिंगची गरजच नाही हेही लक्षात येतं. पावसाळ्यात गोठ्यात चिखल झाला, ताज्या व्यालेल्या तीन गायींना ताप भरून पाण्यासारखं दूध आलं आणि तिघींत ई. कोलाय सापडला, तर टायपिंगवर खर्च करू नका. असा ई. कोलाय शेणातून येतो आणि बहुधा प्रत्येक गायीत वेगळाच निघतो. जागा कोरडी करा, पैसे तिथं घाला. तीच गाय दोन-तीन महिन्यांत त्याच सडात पुन्हा पुन्हा ई. कोलायनं आजारी पडत असेल, तर मात्र टायपिंगला अर्थ आहे. जंतू सडातच दबून बसला आहे का, हे त्यातून कळतं.

नमुने कोणाचे

फक्त आजारी गायींचे नमुने घेणं ही नेहमीची चूक आहे. ज्या गायी दूध चांगलं देतात पण कासेत जंतू बाळगून आहेत, खरा साठा त्यांच्यात असतो. म्हणून आधी सगळ्या दुभत्या जनावरांच्या चारही सडांची सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट) करा. पांढऱ्या चार खान्यांच्या तबकात सडाचं थोडं दूध, तितकंच द्रावण, हलकेच गोल फिरवा. दूध घट्ट झालं, जेलीसारखं ओढलं जाऊ लागलं, की त्या सडात गायीच्या शरीरातल्या, दाहात येणाऱ्या पेशी वाढल्या आहेत. एका मिलिलिटरला दोन लाखांच्या वर पेशी गेल्या की त्या सडावर संशय धरतात.

आबांच्या गोठ्यात बसलेले दोन सड सोडून ८६ सड तपासले. १९ सडांत सीएमटी सकारात्मक आली. मालकाला आजारी गायी सहाच दिसत होत्या.

त्यानंतर गोठ्यातल्या वस्तू. कास पुसायचं कापड, मशीनचे लायनर (सडावर चढणाऱ्या रबरी नळ्या), धार काढणाऱ्याचे हात, दावणीखालची माती, पाण्याचं टाकं. निर्जंतुक पाण्यात ओला केलेला स्वॅब लायनरच्या आतून पूर्ण गोल फिरवा. कापडाचा कोपरा निर्जंतुक कात्रीनं कापून बाटलीत टाका. माणसाचा स्वॅब घ्यायचा असेल तर आधी त्याची परवानगी घ्या आणि कशासाठी घेतो आहोत ते त्याला समजावून सांगा. स्टॅफिलोकोकस ऑरियस कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात असतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण गावात बोभाटा होतो.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात. दुसऱ्या गावांतले, या गोठ्याशी काही संबंध नसलेले सात-आठ जंतू टायपिंग करताना शेजारी चालवा. ते वेगवेगळे दिसले तरच "आमच्या गोठ्यात सगळे सारखे" या वाक्याला वजन येतं. सगळ्यांना सारखंच दाखवणारी पद्धत उपयोगाची नाही.

सडातून दूध घेताना

सगळ्यात जास्त नमुने इथंच बिघडतात, म्हणून सावकाश सांगतो.

कास फार मळलेली नसेल तर धुऊ नका, कोरडीच पुसा. ओल्या कासेवरून घाण पाणी सडाच्या तोंडावर उतरतं. हात धुऊन हातमोजे घाला. पहिल्या तीन-चार धारा स्ट्रिप कपमध्ये सोडा, जमिनीवर नको. मग ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्यानं सडाचं टोक घासून पुसा. बोळा काळा निघाला तर दुसरा घ्या, तो पांढरा निघेपर्यंत. पुसताना आधी पलीकडचे दोन सड, मग अलीकडचे. दूध घेताना उलटं: आधी अलीकडचे, मग पलीकडचे. म्हणजे पुसलेल्या सडावरून हात किंवा बाही जात नाही. अल्कोहोल वाळू द्या, नाहीतर त्याचा थेंब नळीत जाऊन जंतू मारतो.

नळी आडवी धरा, झाकण करंगळी आणि तळव्यात उलटं धरा, खाली ठेवू नका. तीन ते पाच मिलिलिटर दूध पुरेसं आहे. नळीचं तोंड सडाला लागता कामा नये.

नळीवर कानातल्या बारा अंकी बिल्ल्याचा क्रमांक, तारीख आणि सड लिहा. मी उपु, उमा, डापु, डामा असं लिहितो: उजवा पुढचा, उजवा मागचा, डावा पुढचा, डावा मागचा. उजवं-डावं गायीचं धरायचं, आपलं नाही. पेन्सिलनं किंवा पाण्यानं न जाणाऱ्या शाईनं लिहा, कारण बर्फाच्या पाण्यात साधी शाई उतरते.

प्रतिजैविक द्यायच्या आधी नमुना घ्या. ट्यूब सोडलेल्या सडातून जंतू वाढला नाही तर तो मेला असं नाही, दबला असेल. स्टॅफिलोकोकस ऑरियस तसाही दुधात रोज सारखा उतरत नाही. एक नमुना कोरा आला म्हणून गाय निर्दोष ठरत नाही. काही दिवसांच्या अंतरानं दुसरा, तिसरा नमुना घ्यावा.

आता आपल्या उन्हाचं. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला जातो. मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेला नमुना लवकर नासतो, आणि शेणातले चार जंतू त्यात काही तासांत चार लाख होतात. लसीची पेटी घ्या, बर्फाच्या पिशव्या भरा, नमुने पहाटेच्या धारेचे घ्या आणि २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. ते जमणार नसेल तर उणे २० अंशांवर गोठवा. स्टॅफिलोकोकस हे सोसतो, ई. कोलाय मात्र गोठवल्यावर कमी होतो.

प्लेटवरचं काम

दूध हलवून ०.०१ मिलिलिटर, म्हणजे एक ठराविक लूपभर, ५ टक्के मेंढीच्या रक्ताच्या अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या थरावर, रेघाटा. शेजारी आतड्यातल्या जंतूंसाठी मॅकॉन्की अगार ठेवा. ३७ अंशांवर २४ तासांनी बघा, पुन्हा ४८ तासांनी बघा. तीन किंवा जास्त प्रकारच्या वसाहती (जंतूंचे ठिपके) दिसल्या तर तो नमुना दूषित समजा. त्यातून जंतू शोधत बसण्यापेक्षा गोठ्यावर परत जा.

स्टॅफिलोकोकस ऑरियसची वसाहत गोल, लोण्यासारखी, बहुधा सोनेरी छटेची असते. गायीकडून आलेल्या वाणांत तिच्याभोवती रक्त विरघळल्याची दोन वलयं बऱ्याचदा दिसतात, आतलं स्वच्छ आणि बाहेरचं धूसर. कॅटालेज चाचणी करा, सशाच्या प्लाझ्मानं नळीतली कोएग्युलेज चाचणी करा. ती चार तासांनी बघा आणि नकारात्मक वाटली तर २४ तासांनी पुन्हा बघा.

मग शुद्धीकरण: एकटी वसाहत उचलून नवीन प्लेटवर रेघाटा, त्यातली एकटी पुन्हा रेघाटा. दोनदा. यात घाई करू नये, हे मी माझ्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत एका गायीच्या जंतूला जेलवर दोन पट्ट्या जास्त आल्या. नवीन वाण सापडला या आनंदात मी अहवाल लिहून टाकला. आठवड्यानं जुनी प्लेट नीट उजेडात धरली तेव्हा दिसलं की त्या वसाहतीच्या पोटात दुसरी, टाचणीच्या टोकाएवढी वसाहत होती. पट्ट्या दोन जंतूंच्या होत्या. मालकाला फोन करून अहवाल परत घेतला. तेव्हापासून दोन शुद्ध रेघाटण्यांशिवाय मी डीएनए काढत नाही.

त्याच वेळी हेही खरं की एका सडात दोन वाण असू शकतात. म्हणून एका प्लेटवरून एकच नाही, तीन ते पाच वसाहती वेगवेगळ्या शुद्ध करा. निदान महत्त्वाच्या गायींच्या तरी.

शुद्ध झालेला प्रत्येक जंतू १५-२० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा, दोन नळ्यांत.

डीएनए काढणं

ई. कोलायसाठी साधी उकळण्याची पद्धत चालते. ताजी वसाहत निर्जंतुक पाण्यात मिसळा, दहा मिनिटं उकळा, बर्फात घाला, १२,००० फेऱ्यांवर फिरवून वरचं पाणी घ्या. स्टॅफिलोकोकसची भिंत जाड असते, लायसोझाइम या एन्झाइमला ती दाद देत नाही. तिच्यासाठी लायसोस्टॅफिन लागतं, तिच्या बांधणीतले ग्लायसिनचे पूल तेच कापतं. किट वापरत असाल तर त्यात लायसोस्टॅफिन आहे का ते आधी वाचा. नसेल तर वेगळं घाला, नाहीतर "डीएनए येतच नाही" म्हणून चार दिवस जातात.

डीएनए शुद्ध आहे का हे बघायला २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर १.८ च्या आसपास असावं. सगळ्या नमुन्यांचा डीएनए एका मापावर आणा. पट्ट्यांच्या पद्धतींत एकात ५० नॅनोग्रॅम आणि दुसऱ्यात ३०० गेला तर पट्ट्यांत फरक पडतो आणि तो आपल्याला वाणाचा फरक वाटतो.

टायपिंगच्या आधी जात पक्की करून घ्या. स्टॅफिलोकोकस ऑरियससाठी थर्मोन्यूक्लिएज म्हणजे नक जनुकाची पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारी चाचणी) विश्वासाची आहे. दर वेळी एक नळी विना-डीएनएची आणि एक ओळखीच्या जंतूची ठेवा. प्रमाण जंतूंच्या एटीसीसी संग्रहातला २५९२३ हा ऑरियस आणि एटीसीसी २५९२२ हा ई. कोलाय बहुतेक प्रयोगशाळांत असतोच.

कोणती पद्धत निवडायची

पद्धती ढीगभर आहेत. मी कशी निवडतो ते सांगतो.

ई. कोलाय, क्लेब्सिएला यांसारख्या आतड्यातल्या जंतूंसाठी, एकाच गोठ्यातल्या तुलनेला, ईआरआयसी-पीसीआर स्वस्त आणि पुरेशी आहे. जंतूच्या डीएनएमध्ये ठरावीक पुनरावृत्त तुकडे विखुरलेले असतात. त्यांच्यामधली अंतरं पट्ट्या होऊन दिसतात. रूढ कृती अशी: ९५ अंशांवर सात मिनिटं, मग ९४ अंशांवर एक मिनिट, ५२ वर एक मिनिट, ६५ वर आठ मिनिटं अशी ३० चक्रं, शेवटी ६५ वर सोळा मिनिटं. म्हणजे पाच तासांहून जास्त. वीज गेली की सगळं वाया जातं, म्हणून मशीन इन्व्हर्टरवर असल्याशिवाय सुरू करू नका. आणि तुलना करायचे सगळे नमुने एकाच फेरीत, एकाच मिश्रणातून चालवा. गेल्या महिन्याचा जेल आणि आजचा जेल शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका. मशीन बदललं, एन्झाइमची बाटली बदलली, की पट्ट्या सरकतात.

स्टॅफिलोकोकससाठी मी कोएग्युलेज जनुकापासून सुरुवात करतो. या जनुकाच्या शेवटच्या भागात ८१ बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि किती वेळा येतो ते वाणागणिक बदलतं. पीसीआर केली की वाणाप्रमाणे लहान-मोठी पट्टी येते. तेच उत्पादन अलू-एक या एन्झाइमनं ३७ अंशांवर कापलं की तुकडे पडतात, बऱ्याचदा ८१ च्या पटीत: ८१, १६२, २४३. दोन ते अडीच टक्क्यांच्या जेलवर ते वेगळे होतात. साध्या पीसीआर मशीनवर दोन दिवसांत काम होतं.

यापुढची पायरी स्पा टायपिंग. प्रथिन-अ च्या जनुकात साधारण २४ बेसचे तुकडे असतात. त्यांचा क्रम वाचून घेतला की त्याला जगभर चालणारा क्रमांक मिळतो. हा क्रम सँगर पद्धतीनं वाचावा लागतो, तो बाहेर पाठवून मिळतो. इथं पट्ट्यांचा अंदाज नाही, अक्षरं मिळतात, म्हणून जळगावचा निकाल आणि डेन्मार्कचा निकाल जुळवता येतो.

एमएलएसटी त्याहून भारदस्त. सात घरगुती, म्हणजे जंतूला जगायला रोज लागणाऱ्या, जनुकांचे तुकडे वाचायचे आणि त्यावरून एसटी, म्हणजे घराण्याचा, क्रमांक काढायचा. ही पद्धत १९९८ मध्ये मेंदूज्वराच्या जंतूसाठी आली आणि २००० मध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियससाठी. गायींच्या कासेत जगभर सापडणारा एसटी ९७ याच पद्धतीनं ओळखला जातो. पण गोठ्याच्या प्रश्नाला एमएलएसटी पुष्कळदा जाडसर पडते. दोन गायींत एसटी ९७ निघाला म्हणजे त्यांनी तो एकमेकींकडून घेतला असं होत नाही, तो सगळीकडेच असतो. "कुठल्या घराण्याचा" हे एमएलएसटी सांगते. "या दावणीवरून त्या दावणीवर गेला का" यासाठी जास्त बारीक पद्धत लागते.

पीएफजीई (सगळा डीएनए मोठ्या तुकड्यांत कापून जेलवर मांडायची जुनी पद्धत) अजूनही कोणी करत असेल तर आदर आहे. स्टॅफिलोकोकसला त्यात स्मा-एक एन्झाइम लागतं. जिलेटिनसारख्या वड्या, तीन-चार दिवसांची मेहनत, आणि चालवणारा हात पक्का हवा. आता त्या पैशात आणि वेळात संपूर्ण जनुकसंच वाचून घेणं बरं. पूर्ण वाचनात एकेका अक्षराचा फरक मोजता येतो, आणि औषधाला दाद न देणारी जनुकंही त्याच वाचनात सापडतात.

मी आबांच्या गोठ्यासाठी केलं ते असं: सगळ्या जंतूंची कोएग्युलेज पद्धत, मग प्रत्येक प्रकारातले एक-दोन स्पा वाचनाला. बहुतेक गोठ्यांना एवढं पुरतं.

औषध-संवेदनशीलता ही वेगळी चाचणी आहे. एकाच वाणाचे दोन जंतू औषधाला वेगवेगळे वागू शकतात. टायपिंगच्या कागदावरून कोणीही प्रतिजैविक ठरवू नये.

जेल चालवणं आणि वाचणं

लॅडर, म्हणजे ठाऊक मापाच्या पट्ट्या, दोन्ही कडांना लावा. रुंद जेलमध्ये मधल्या पट्ट्या पुढे पळतात आणि कडेच्या मागे राहतात, एकाच लॅडरवर मोजलं तर चुकतं. ७०-८० व्होल्टवर सावकाश चालवा. घाईनं व्होल्ट वाढवले की पट्ट्या हसऱ्या ओठांसारख्या वाकतात.

प्रत्येक जंतू दोनदा चालवा, दोन वेगळ्या दिवशी काढलेल्या डीएनएवरून. दोन्ही वेळा दिसली तीच पट्टी मोजा. फिकट पट्टी मोजायची की नाही हे जेल बघण्याआधी ठरवा. बघितल्यावर ठरवलं की मन आपल्याला हवं तेच दाखवतं. शक्य असेल तर नळ्यांवर फक्त आकडे घालून वाचन दुसऱ्याकडून करून घ्या, ज्याला कुठली गाय कुठली ते माहीत नाही.

पट्ट्यांचं साम्य डाइस गुणांकानं काढतात आणि यूपीजीएमए पद्धतीनं जवळच्या-लांबच्या नात्याचं झाड काढतात. जेल-जे नावाचं मोफत सॉफ्टवेअर हे करतं. ८० टक्क्यांच्या वर साम्य म्हणजे एक गट, हा रूढ संकेत आहे, निसर्गाचा नियम नाही. आपल्याच एका जंतूच्या दोन फेऱ्यांत किती साम्य येतं ते बघा. स्वतःशीच ९० टक्के जुळत असेल, तर ८८ टक्के जुळणारे दोन जंतू वेगळे म्हणायला तुमच्याकडे आधार नाही.

पद्धत किती बारीक आहे ते हंटर-गॅस्टन निर्देशांकानं मोजतात. हिशोब सोपा आहे. समजा परगावचे दहा जंतू सहा प्रकारांत पडले: ३, २, २, १, १, १. प्रत्येक आकड्याला त्याच्याहून एक कमी आकड्यानं गुणा आणि बेरीज करा: ६ + २ + २ = १०. एकूण जंतूंचंही तसंच: १० गुणिले ९ = ९०. एकातून दहा भागिले नव्वद वजा करा, उत्तर ०.८९. हा आकडा ०.९० च्या वर असावा अशी अपेक्षा असते, म्हणजे ही पद्धत काठावर आहे, जोडीला दुसरी हवी. पण हा हिशोब परगावच्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या जंतूंवरच करा. एकच वाण फिरत असलेल्या गोठ्यात तो काढला तर आकडा कमीच येणार, आणि दोष नसताना पद्धतीला दोष लागेल.

कागद घेऊन गोठ्यावर

आबांच्या ८६ सडांपैकी १२ सडांत स्टॅफिलोकोकस ऑरियस मिळाला, नऊ गायींत. शिवाय कास पुसायच्या कापडावर एक आणि मशीनच्या दोन्ही संचांच्या लायनरमध्ये एकेक. एकूण १५ जंतू, तीन वाण. वाण अ बारा ठिकाणी: नऊ सड, कापड आणि दोन्ही लायनर. वाण ब एकाच गायीच्या दोन सडांत, जी दोन महिन्यांपूर्वी सावद्याच्या बाजारातून आली होती. वाण क एका म्हाताऱ्या गायीत.

मी गोठ्याचा नकाशा काढला, दावणीप्रमाणे गायी मांडल्या आणि वाण अ ला तांबडा ठिपका दिला. ठिपके दावणीच्या क्रमानं पडले नाहीत, धारेच्या क्रमानं पडले. सगळ्यात आधी जिची धार निघायची त्या लाल गायीला वाण अ होता, आणि तिच्यामागून त्याच मशीनवर, त्याच कापडानं पुसलेल्या गायी.

बाजारातल्या गायीवर सगळ्यांचा राग होता. ती आली आणि दगडी सुरू झाली, असं घरात बोललं जायचं. तिचा वाण वेगळा निघाला. दुसरा राग सालदारावर होता. तो बाजूला येऊन हळूच म्हणाला, "डॉक्टर, मन्हामुळे व्हयनं का?" त्याच्या हातावर जंतू मिळाला नव्हता. पण मिळाला असता तरी टायपिंग एवढंच सांगतं की दोन ठिकाणचा जंतू एकच आहे. गायीकडून हाताला गेला की हातावरून गायीला, ही दिशा त्यातून कळत नाही. मी हे आबांसमोर, सालदारासमोर बोललो. प्रत्येक पशुवैद्यकानं ते मोठ्यानं बोलावं. नाहीतर प्रयोगशाळेच्या कागदावरून गरीब माणसाचं साल मोडतं.

बदल पुढीलप्रमाणे केले. धारेचा क्रम: आधी पहिल्या वेताच्या निरोगी कालवडी आणि निरोगी गायी, मग ब आणि क, सगळ्यात शेवटी अ. एक कापड बंद, प्रत्येक गायीला वेगळं, रोज उकळून उन्हात वाळवायचं. ऊन आपल्याकडे फुकट आहे. धारेनंतर प्रत्येक सड ०.५ टक्के आयोडीनच्या द्रावणात बुडवायचा, फवारा नाही. लायनर बदलले. रबरी लायनर साधारण २,५०० धारांपर्यंत चालतो. बावीस जनावरं, दोन वेळा, दोन संच म्हणजे एका संचावर रोज २२ धारा, म्हणजे चार महिन्यांच्या आत तो संपतो. आबांचे लायनर दोन वर्षांचे होते, आतून बोट फिरवलं की भेगा लागत होत्या. आटवताना वाण अ च्या गायींच्या चारही सडांत संवेदनशीलता बघून निवडलेलं लांब मुदतीचं औषध सोडलं. त्यांचं दूध वासरांना पाजणं बंद केलं.

जुनाट, बरी न होणारी गाय कळपातून काढा असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आपल्याकडे काढायची म्हणजे बाजारात न्यायची आणि रोग दुसऱ्याच्या दावणीला बांधायचा. मी ते सुचवत नाही. वेगळ्या कोपऱ्यात बांधा, शेवटी धार काढा, सडात काही उरलंच नसेल तर तो सड पशुवैद्यकाकडून कायमचा आटवून घ्या.

वाण वेगवेगळे निघाले असते तर मी हे काही सांगितलं नसतं. मग गव्हाणीमागची ओल, बसायला वाळू, शेण दिवसातून किती वेळा उचलतात, धारेनंतर गायी लगेच बसतात का, यावरच बोललो असतो. धारेनंतर अर्धा तास सडाचं तोंड उघडं असतं. तेवढा वेळ पुढ्यात चारा टाकून गाय उभी ठेवली की पुष्कळ फरक पडतो.

दुसरे रोग, थोडक्यात

सांसर्गिक गर्भपाताचा ब्रुसेला साध्या प्रयोगशाळेत वाढवू नका. तो माणसाला लागतो, त्याच्यासाठी तिसऱ्या पातळीची जैवसुरक्षा लागते. गाभ टाकला तर हातमोजे घालूनच वार उचला आणि नमुना रोग अन्वेषण विभागाकडे पाठवा. टायपिंगचा इथं एक खास उपयोग आहे. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात एस-१९ लस देतात. लस दिलेल्या गायीनं गाभ टाकला तर तो लसीचा वाण की रानटी, हे ब्रूस-लॅडर पीसीआर सांगते, कारण एस-१९ मध्ये ५८७ बेसची पट्टी येत नाही.

घटसर्पात जनावर एका दिवसात जातं, टायपिंगनं ते वाचत नाही. आपल्याकडे घटसर्पाचा जंतू, पाश्चरेला, बी गटाचा असतो. लस देऊनही मरतूक झाली तर त्याच्या कवचाचा गट पीसीआरनं बघावा. मेलेल्या जनावराचं लांब हाड पाठवा, त्याच्या मगजात जंतू टिकून राहतो. पण जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून काळपट न गोठणारं रक्त आलं, तर ते फाडू नका. फाशी (अँथ्रॅक्स) असू शकते. कानाच्या शिरेतून रक्ताची काचपट्टी घ्यायची, बाकी काही उघडायचं नाही.

जोन्सच्या रोगाचा, म्हणजे जुनाट हगवणीचा, जंतू वाढायलाच दोन ते चार महिने लागतात. त्यात गायीचा प्रकार आणि मेंढीचा प्रकार वेगळे ओळखता येतात. साक्री-नंदुरबारकडे शेतात मेंढ्यांचे वाडे बसतात आणि मागून तिथंच गुरं चरतात, तिथं हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

नमुने कुठं पाठवायचे? पुण्यात औंधला पशुसंवर्धनचा रोग अन्वेषण विभाग आहे. माफसूची (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची) महाविद्यालयं मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळला आहेत आणि अकोल्याला स्नातकोत्तर संस्था आहे. खान्देशातून अकोला जवळ पडतं. आधी फोन करून विचारा: कोणता नमुना घेता, कोणत्या दिवशी घेता, शुद्ध जंतू पाठवू की दूध. शनिवारी निघालेली पेटी सोमवारपर्यंत बर्फाविना पडून राहते, म्हणून सोमवारीच पाठवा.

आबांच्या गोठ्यात पुढे पाच महिन्यांनी पुन्हा एका कालवडीच्या डाव्या मागच्या सडात गुठळ्या आल्या. या वेळी त्यांनी ट्यूब सोडली नाही. अल्कोहोलचा बोळा, बर्फाची पेटी आणि नळीवर पेन्सिलनं डामा लिहिलेलं, असं सगळं घेऊन सकाळी सातला माझ्या दारात उभे होते. उणे ८० मधून वाण अ ची नळी काढली आणि दोन्ही शेजारी चालवले. कालवडीचा वाण अ नव्हता. ती गोठ्याच्या कोपऱ्यात, टाक्याच्या गळतीखाली बसायची. गळती त्याच दिवशी बुजवली.